केळीला पालाश भरपूर दिल्यावर मॅग्नेशियम मागे का पडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यावल तालुक्यात तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत ग्रँड नैन या केळीच्या जातीची मृगबाग (जूनच्या सुमारास लावलेली बाग) आहे. घड चांगला भरावा म्हणून ठिबकातून पांढरा पोटॅश आणि ०:०:५० ही पालाशाची म्हणजे पोटॅशियमची खते शिफारशीपेक्षा बरीच जास्त सोडली गेली. आता खालची जुनी पाने पिवळी पडत आहेत आणि पान परीक्षणात मॅग्नेशियमची कमतरता निघाली आहे. माती परीक्षणाच्या अहवालात मात्र मॅग्नेशियमपुढे ‘भरपूर’ असाच शेरा आहे. विचारणाऱ्यांचे म्हणणे असे की मूळ सजीव आहे, ते हवे ते निवडून घेते असे शिकवले जाते. मग समोर असलेले मॅग्नेशियम ते का उचलत नाही, आणि पोटॅश आता बंद करावा काय?

मूळ निवड करते हे खरे आहे, परंतु सर्व अन्नद्रव्यांची निवड ते सारख्या काटेकोरपणे करत नाही, आणि त्याची नियंत्रणव्यवस्था प्रामुख्याने टंचाईला तोंड देण्यासाठी घडलेली आहे. नैसर्गिक जमिनीत मुळांभोवतीचे पाणी अतिशय विरळ असते. त्यात पालाश, नायट्रेट, फॉस्फेट किंवा लोह कमी पडले की ते कसे मिळवायचे याच्या युक्त्या मुळाकडे पुष्कळ आहेत. एखादा घटक बेसुमार मिळू लागला तर त्याला आवरण्याच्या युक्त्या त्या मानाने थोड्या आहेत. ठिबकाच्या नळीतून विद्राव्य खत थेट मुळापाशी सोडणे ही वनस्पतीच्या इतिहासातली अगदी अलीकडची गोष्ट आहे.

निवड मुळामध्ये नेमकी कोठे होते, हे आधी पाहू. जमिनीतील पाणी आणि त्यात विरघळलेले आयन (विद्युतभार असलेले कण) मुळाच्या बाहेरच्या थरांतील पेशीभित्तिकांमध्ये कोणत्याही परवानगीशिवाय शिरतात. तो भाग ओल्या बारदानासारखा समजावा, पाणी त्याच्या धाग्याधाग्यांत असते पण कोणत्याही पेशीच्या आत नसते. भित्तिकांवर ऋणभार असल्याने कॅल्शियम व मॅग्नेशियमसारखे दोन धनभारांचे आयन तेथे अधिक दाटीने जमतात, एवढाच काय तो फरक. पुढे अंतस्त्वचा (जलवाहिन्यांभोवतीचा पेशींचा थर) लागते. तिच्या पेशींच्या कडेने लिग्निनचा जलरोधक पट्टा असतो. रॉबर्ट कॅस्पारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून तो कॅस्पेरियन पट्टा. या पट्ट्यामुळे भित्तिकांमधून आत जाण्याची वाट बंद होते, आणि जलवाहिनीपर्यंत पोहोचू पाहणाऱ्या आयनाला निदान एकदा तरी जिवंत पेशीचे पटल ओलांडावेच लागते. खरी निवड या पटलावर होते.

पटल ओलांडण्यासाठी लागणारी शक्ती मूळ स्वतः निर्माण करते. पटलातील एक प्रथिन एटीपी (पेशीचे ऊर्जा-चलन) खर्च करून हायड्रोजन आयन सतत बाहेर फेकते. त्यामुळे पेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत ऋण होतो आणि हा विद्युतदाब साधारणपणे १२० ते १८० मिलिव्होल्टपर्यंत असतो. एका धनभाराच्या आयनासाठी दर ५८ मिलिव्होल्टमागे आतले प्रमाण बाहेरच्या दहापट होऊ शकते. म्हणजे ११६ मिलिव्होल्टचा दाब असताना बाहेर १ मिलिमोलर (द्रावणातील प्रमाणाचे एकक) पालाश असेल तर आत १०० मिलिमोलरपर्यंत तो केवळ या ओढीने, वेगळा खर्च न करता जमू शकतो, आणि पेशीद्रवात पालाश साधारण तेवढाच असतो. नायट्रेट आणि फॉस्फेट यांच्यावर ऋणभार असल्याने त्यांना मात्र हायड्रोजन आयनांच्या जोडीने ओढून आत घ्यावे लागते, आणि त्याचा खर्च मुळाला पडतो. तेव्हा आपण देतो त्या प्रत्येक खताचा हिशेब शेवटी या एका पंपाशी आणि त्याने निर्माण केलेल्या दाबाशी येऊन मिळतो.

आता स्पर्धा. तिचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि सल्ला देताना त्यांची गल्लत फार होते. पहिल्या प्रकारात दोन आयन एकाच वाहक प्रथिनावरील एकाच जागेसाठी भांडतात. इमॅन्युएल एपस्टाइन आणि सी. ई. हेगन यांनी १९५२ मध्ये बार्लीच्या कापलेल्या मुळांवर किरणोत्सारी रुबिडियम (पालाशाशी मिळताजुळता धातू) वापरून दाखवले की पालाश आणि रुबिडियम एकमेकांना हुबेहूब अडवतात, तर सोडियम त्या जागेवर तितका हक्क सांगू शकत नाही. विकराच्या क्रियेसाठी जे गणित वापरतात तेच गणित मुळाच्या शोषणालाही लागू पडते. फॉस्फेट व आर्सेनेट, सल्फेट व सेलेनेट, लोह व कॅडमियम या जोड्या याच प्रकारातल्या आहेत. पालाशाच्या मार्गिकेची, म्हणजे पटलातून आयन जाऊ देणाऱ्या प्रथिनाच्या वाटेची, निवडक्षमता तर थक्क करणारी आहे. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये जिवाणूतील अशा मार्गिकेची रचना उलगडली आणि २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिच्या अरुंद भागातील ऑक्सिजन अणू पालाशाच्या आयनाला त्याचे पाण्याचे वेष्टण काढून तंतोतंत पेलतात. सोडियम आकाराने लहान असूनही तेथे नीट बसत नाही, म्हणून अडतो. वनस्पतींच्या पालाश मार्गिकांचा गाभाही त्याच ठेवणीचा आहे.

पालाश आणि मॅग्नेशियमचे भांडण मात्र दुसऱ्या प्रकारचे आहे. त्यांची जागा एक नाही. मॅग्नेशियमचा आयन मुळात लहान, पण दोन धनभारांमुळे तो पाण्याचे वेष्टण घट्ट धरून ठेवतो. वेष्टणासह त्याची त्रिज्या सुमारे ०.४३ नॅनोमीटर भरते, तर पालाशाची ०.३३. ते वेष्टण सोडून पटलातून जाणे त्याला जड जाते, त्यामुळे त्याचा वेग मुळातच कमी. अशा वेळी पालाश मोठ्या प्रमाणात आत शिरू लागला की आत येणाऱ्या धनभारांमुळे पटलावरील विद्युतदाब उतरतो, आणि ज्या ओढीवर मॅग्नेशियम आत येत होते ती ओढच सैल पडते. दोन भारांच्या आयनाला दाबातील हा उतार दुप्पट जाणवतो. शिवाय मुळात शिरलेले मॅग्नेशियम वर पानांकडे पाठवण्याचे कामही पालाश जास्त असताना मंदावते. उलट दिशेने हे घडत नाही, आणि नेमकी हीच बाब अनेकांच्या लक्षात येत नाही: मॅग्नेशियम कितीही वाढवले तरी पालाशाचे शोषण फारसे दबत नाही, कारण पालाशाकडे त्याचे स्वतःचे, मॅग्नेशियमला न जुमानणारे मार्ग आहेत.

आता नियंत्रण टंचाईसाठी घडले आहे असे मी म्हटले, त्याचा पालाशाइतका स्पष्ट नमुना दुसरा नाही. पुरेसा पालाश असताना मूळ मुख्यतः एकेटी१ या मार्गिकेवर काम भागवते. बाहेरचा पालाश अत्यंत कमी झाला की हॅक५ हे जास्त ओढीचे वाहक प्रथिन तयार होऊ लागते. ते हायड्रोजन आयनाच्या जोडीने पालाश ओढते, म्हणून अगदी विरळ द्रावणातूनही तो मिळवू शकते. टंचाईची खबर पेशीतील कॅल्शियमच्या लहरींमधून सीआयपीके२३ या विकरापर्यंत जाते, आणि ते विकर दोन्ही प्रथिनांवर फॉस्फेट चढवून त्यांना कामाला लावते. ही यंत्रणा काही तासांत हलते. पालाश जास्त झाल्यावर काय होते? हॅक५ बनणे थांबते, पण एकेटी१ची मार्गिका राहते, आणि अतिरिक्त पालाश पेशीच्या रिक्तिकेत (पेशीच्या आतल्या साठवण-पिशवीत) साठत जातो. शास्त्रात याला चैनीचे ग्रहण म्हणतात. पीक गरजेपेक्षा जास्त घेते आणि उत्पादन त्या प्रमाणात वाढत नाही. केळीसारख्या मुळातच पालाशाची हौस असलेल्या पिकात ही चैन मोठी असते.

लोहाचे उदाहरण याच्या विरुद्ध टोकाचे आहे. खानदेशातील बहुतेक काळ्या जमिनींत चुनखडी आहे, सामू आठच्या वर आहे, आणि तेथे लोह असते पण विरघळत नाही. केळी एकदल असली तरी गवतकुळातील नाही, म्हणून ती द्विदल पिकांच्या रीतीने लोह मिळवते: मुळाभोवती हायड्रोजन आयन सोडून माती आंबट करते, पटलावरील विकराने न विरघळणाऱ्या फेरिक लोहाचे विरघळणारे फेरस करते आणि आयआरटी१ या प्रथिनाने ते आत घेते. हे प्रथिन १९९६ मध्ये ओळखले गेले, आणि ते फार चोखंदळ नाही. लोहाबरोबर जस्त, मँगनीज, कोबाल्ट, कॅडमियमही आत आणते. त्याची भरपाई वनस्पतीने वेगळ्या प्रकारे केली आहे: हे इतर धातू पेशीत जास्त येऊ लागले की ते प्रथिनच पटलावरून काढून नष्ट केले जाते. म्हणजे येथे मूळ अतिरेकाविरुद्धही सावध आहे, कारण धातूंचा अतिरेक विषारी असतो. पालाशाचा तसा नसतो. ज्वारी, बाजरी, मका, गहू आणि ऊस ही गवतकुळातील पिके लोहासाठी निराळी रीत वापरतात. ती मुळांतून लोहाला धरून आणणारी सेंद्रिय संयुगे सोडतात. म्हणूनच चुनखडीच्या ज्या तुकड्यात भुईमूग पिवळा पडतो त्याच तुकड्यात ज्वारी हिरवी दिसते, आणि भुईमुगात मक्याचे आंतरपीक घेतल्यास भुईमुगाचेही पिवळेपण कमी होते.

आपल्या बागेपुरते मॅग्नेशियमचे आणखी दोन शत्रू मोजले पाहिजेत. एक म्हणजे कॅल्शियम. बेसाल्टपासून बनलेल्या आपल्या मातीतील चिकणकणांवर कॅल्शियमचे राज्य आहे आणि विहिरी-बोअरचे पाणीही बहुधा जड असते. दुसरा अमोनियम. हा पालाशासारखाच एका धनभाराचा आणि तितकाच चपळ असल्याने पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम या तिन्ही धनभारी आयनांचे शोषण कमी करतो, तर नायट्रेट त्यांना साथ देतो, कारण ऋणभार आत येत असताना सोबत धनभार घेणे मुळाला सोपे जाते. युरिया ठिबकातून दिल्यावर आधी अमोनियम बनतो आणि काही दिवसांत जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, म्हणून उबदार जमिनीत त्याचा त्रास फार टिकत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हे रूपांतर मंदावते आणि केळीचे मूळही सुस्तावते, तेव्हा युरिया व पोटॅशचे मोठे डोस एकत्र देणे टाळावे. नायट्रेटचा एक तोटाही नोंदवतो: ते घेताना मूळ भोवतालचा सामू वाढवते, आणि चुनखडीत लोहाची अडचण त्यामुळे थोडी वाढते. सर्व नत्र एकाच रूपात द्यावे असा आग्रह म्हणूनच कोणत्याही बाजूने धरू नये.

मुळाचा कोणता भाग जिवंत आहे, हा मुद्दा मला खताच्या प्रकाराइतकाच महत्त्वाचा वाटतो. कॅल्शियम व लोह प्रामुख्याने मुळाच्या कोवळ्या टोकाजवळून घेतले जातात, कारण तेथे अंतस्त्वचेवर सुबेरिनचा (मेणासारख्या जलरोधक पदार्थाचा) लेप अजून चढलेला नसतो; पालाश व फॉस्फेट मात्र थोड्या जुन्या भागातूनही शिरू शकतात. हा लेप स्थिरही नसतो: लोह, जस्त किंवा मँगनीज कमी पडल्यास तो विरळ होतो, पालाश किंवा गंधक कमी पडल्यास वाढतो. आता ड्रिपरखालची माती वीतभर उकरून पाहावी. केळीची बहुतेक मुळे वरच्या फूटभराच्या थरातच असतात. टोके पांढरी, भरीव आणि बोटाने दाबल्यास टणक लागत असतील तर शोषण चालू आहे. टोके तपकिरी, साल चिमटीत सुटून येणारी आणि मातीला कुजका वास असेल तर तेथे खत वाढवण्यात अर्थ नाही. भारी जमिनीत रोज तासन् तास ठिबक चालवले की मुळाला प्राणवायू मिळत नाही, एटीपी बनत नाही, हायड्रोजनचा पंप मंदावतो आणि सगळी निवडच ढिली पडते. अशा मुळातून पालाश कमी येतो आणि पाण्यात सोडियम असल्यास तो जास्त येतो.

सोडियमचे थोडक्यात सांगतो, कारण आपल्या प्रश्नात तो मुख्य नाही. त्याला आत येण्यासाठी स्वतःची वाट नाही. तो कमी चोखंदळ मार्गिकांतून शिरतो आणि मूळ त्याला एसओएस१ या प्रथिनाने पुन्हा बाहेर फेकते. बाहेर कॅल्शियम पुरेसे असेल तर या मार्गिका आवळल्या जातात आणि पालाशाची निवड टिकून राहते; फ्रँक व्हिएट्स यांनी १९४४ मध्ये कॅल्शियमचा हा गुण दाखवला होता. मुक्ताईनगरकडून पूर्णेच्या खोऱ्यात जाऊ लागल्यावर ज्यांना खारवट पाण्यावर शेती करावी लागते, त्यांच्यासाठी जिप्समचा उपयोग म्हणूनच केवळ माती भुसभुशीत करण्यापुरता नाही.

आता अहवालातील ‘भरपूर’ या शेऱ्याकडे येऊ. प्रयोगशाळा विनिमयक्षम (मातीच्या कणांना सैल चिकटलेले) कॅल्शियम व मॅग्नेशियम अमोनियम अ‍ॅसिटेटने काढते. चुनखडीच्या जमिनीत हे द्रावण थोडी चुनखडीही विरघळवते, त्यामुळे कॅल्शियमचा आकडा फुगतो आणि त्यावरून काढलेली सर्व गुणोत्तरे बिघडतात. मॅग्नेशियमचा आकडा बरोबर असला तरी तो मातीतील साठा सांगतो. शेजारी पालाश किती आहे आणि मूळ किती उचलू शकते, हे सांगत नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकात फर्मन बेअर यांनी आदर्श मातीचे प्रमाण ६५ टक्के कॅल्शियम, १० टक्के मॅग्नेशियम व ५ टक्के पालाश असे मांडले, आणि आजही काही विक्रेते त्याच आकड्यांवरून पोती विकतात. नंतरच्या चाचण्यांत दिसले ते असे की प्रत्येक घटक पुरेसा असेल तर ही गुणोत्तरे बऱ्याच मोठ्या मर्यादेत बदलली तरी उत्पादनाला फरक पडत नाही. आपल्या बागेत बिघडले आहे ते ठिबकाखालच्या ओल्या गोळ्यात, आणि साऱ्या शेतातून घेतलेल्या मिश्र नमुन्यात तो गोळा हरवून जातो. नमुना घ्यायचाच असेल तर ड्रिपरखालचा आणि दोन ओळींमधला वेगवेगळा घ्यावा. दोन अहवाल शेजारी ठेवल्यावर पालाशातील फरक बहुधा आपोआप बोलतो. पिकाची खरी स्थिती पानातूनच कळते, म्हणून केळफूल बाहेर पडताना तिसऱ्या पानाच्या मधल्या भागातील पट्टी तपासून घ्यावी.

पान डोळ्यांनीही वाचता येते. मॅग्नेशियमच्या कमतरतेत जुन्या पानाच्या मधल्या शिरेपासून थोडे दूर, दोन्ही बाजूंना पिवळी पट्टी उमटते आणि पानाची कडा बरेच दिवस हिरवी राहते. पुढे खोडावरील पानांची आवरणे सुटून अलग होऊ लागतात. पालाश कमी असेल तर जुने पान टोकाकडून नारिंगी-पिवळे होऊन आत वळते आणि झपाट्याने वाळते. लोहाची अडचण असेल तर पिवळेपणा जुन्या पानांवर दिसत नाही, नव्या पोग्यातून निघणाऱ्या पानावर दिसतो. आपल्या वर्णनावरून पहिला प्रकार जुळतो.

तेव्हा पोटॅश बंद करू नये, शिफारशीवर आणावा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची केळीसाठीची मात्रा झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद व २०० ग्रॅम पालाश अशी आहे. आतापर्यंत झाडाला किती पालाश गेला याचा हिशेब मांडावा आणि उरलेला भाग आठवड्याच्या लहान हप्त्यांत विभागावा. एका दिवशी मोठा डोस सोडला की मुळाभोवती पालाशाची लाट येते आणि वर सांगितलेली विद्युतदाबाची घसरण त्याच वेळी सर्वांत जास्त होते. घड निसवल्यानंतर पालाश पूर्ण तोडल्यास फण्या भरणार नाहीत आणि वजनात फटका बसेल, हेही ध्यानात ठेवावे.

मॅग्नेशियम सल्फेट पालाशाच्या दिवशी देऊ नये. मधल्या दिवशी, थोडे थोडे, स्वतंत्र सोडावे. कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत ते कधीही मिसळू नये, कारण सल्फेट व कॅल्शियम एकत्र आले की जिप्सम बनून ड्रिपर बुजतात. १२:६१:० किंवा ०:५२:३४ या फॉस्फेटच्या खतांबरोबर कॅल्शियम मिसळल्यासही असाच साका बसतो. मुळाची वाट सध्या अडलेली असल्याने पानांवरून फवारणी करणे हा तात्पुरता पण खात्रीचा आधार आहे: १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, केळीच्या पानावर मेणाचा थर असल्याने चिकटद्रव्यासह, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा. पिवळी झालेली पाने पुन्हा पूर्ण हिरवी होतील अशी अपेक्षा धरू नये. वरची पाने हिरवी टिकली तर उपाय लागू पडला असे समजावे. पिलबाग (कापलेल्या झाडाच्या पिलापासूनचे दुसरे पीक) घेणार असाल तर पहिल्या पिकात साठलेला पालाश मातीत आणि कापून टाकलेल्या खोडांत शिल्लक राहणार आहे, म्हणून पिलबागेचा पोटॅश पुढचा नमुना हाती आल्यावरच ठरवावा.